पोलादपूरचा थर आधीचा की नंतरचा?

तुमच्या खिशात लोणंदचा दगड आहे. नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कुणीतरी विहीर खणत होतं, त्या ढिगातून तुम्ही तो उचललात. मुठीत मावेल एवढा, काळा, दिसतो त्यापेक्षा जड. एका बाजूला बारीक भोकं आहेत आणि त्यांत पांढरे खडे भरलेत. विहीर खणणारी माणसं अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. या प्रवासात तुमच्याजवळ एवढंच सामान. अट एकच आहे. तुम्ही पाहू शकता, ऐकू शकता, पण जिथे पोहोचाल तिथे तुम्हाला बोलता येणार नाही. काही ठिकाणी हे फार जड जाईल.

पहिला मुक्काम लंडन, फेब्रुवारी १८६९. थेम्सकाठच्या सॉमरसेट हाउसमध्ये जिऑलॉजिकल सोसायटीची वार्षिक सभा भरली आहे. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे आहात. समोर बोलतो आहे टॉमस हेन्री हक्सली, वय त्रेचाळीस, काळेभोर कल्ले, आवाजात घाई नाही. डार्विनच्या बाजूनं जाहीर भांडायला नेहमी हाच पुढे येतो, कारण स्वतः डार्विन घराबाहेर फारसा पडत नाही. आज मात्र समोरचा पक्ष धर्मगुरूंचा नाही. तो आहे विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून जग ज्याला ओळखेल तो ग्लासगोचा भौतिकशास्त्रज्ञ. त्या काळात भौतिकशास्त्रात त्याच्या तोडीचं नाव घ्यायचं तर बोटांवर मोजण्याइतकी माणसं निघतील.

भांडण आहे वेळेचं. खाणीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, म्हणजे पृथ्वी आतून गरम आहे आणि बाहेरून निवते आहे. सुरुवातीला ती वितळलेली होती असं धरलं, खडकातून उष्णता किती वेगानं वाहते ते मोजलं, तर निवायला किती काळ लागला हे गणितानं काढता येतं. थॉमसननं १८६२ मध्ये ते काढलं. उत्तर आलं सुमारे ९.८ कोटी वर्षं. माहिती अपुरी म्हणून त्यानं पल्ला मोठा ठेवला, दोन कोटींपासून चाळीस कोटींपर्यंत. डार्विनला हे आकडे झोंबले. इंग्लंडमधलं एकच खोरं झिजायला सुमारे तीस कोटी वर्षं लागली असतील असा अंदाज त्यानं आपल्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत दिला होता आणि टीका झाल्यावर तो काढूनही टाकला होता. बारीक बारीक फरक साठत जाऊन नव्या जाती तयार होतात, असं म्हणायचं तर हाताशी अफाट काळ हवा. याच वर्षी डार्विन वॉलेसला पत्रात कळवणार आहे की थॉमसनचं म्हणणं हे आपल्यापुढचं मोठं दुखणं होऊन बसलं आहे.

हक्सली थॉमसनच्या गणिताला हात लावत नाही. तो म्हणतो की गणित हे उत्तम जातं आहे, हवं तितकं बारीक दळून देईल, पण शेंगांची टरफलं घातली तर त्यातून गव्हाचं पीठ पडणार नाही. पानंच्या पानं भरून सूत्रं मांडली तरी कच्च्या माहितीतून पक्कं उत्तर निघत नाही. सभागृहात हशा आणि कुजबुज. तुमची बोटं खिशातल्या दगडाभोवती आवळतात, कारण तुम्हाला याचं वय ठाऊक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षं. आज हा दगड टेबलावर ठेवता आला असता तरी उपयोग नव्हता म्हणा. दगडातून वय वाचायची रीत अजून जन्मलेली नाही.

पुढचा मुक्काम छोटा, पण तो टाळता येत नाही. पुणे, १८८८. आपल्याच जुन्या सातारा जिल्ह्यातल्या, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा बत्तीस वर्षांचा माणूस नवं साप्ताहिक काढतो आहे, ‘सुधारक’. गोपाळ गणेश आगरकर. त्यांच्या वाचनात मिल आहे, हर्बर्ट स्पेन्सर आहे. माणसाच्या चालीरीती आणि त्याच्या देवतांच्या कल्पनासुद्धा काळाच्या ओघात घडत, बदलत आल्या, हा विचार ते मराठीत मांडतात. उत्क्रांतीची चर्चा मराठी वाचकाच्या दारात आली ती मुख्यत्वे अशी, समाजाच्या अंगानं. माझ्या मते त्यामुळे एक उणीव राहिली. डार्विन आपल्याकडे मत म्हणून पोहोचला, त्यामागचे किडे, कबुतरं, खडक पोहोचले नाहीत. मत मानायचं की नाकारायचं, एवढंच उरतं. खडकाकडे मात्र जाऊन पाहता येतं.

१८९५ चा जानेवारी. आगरकरांच्या आयुष्याचे शेवटचे महिने. तिकडे लंडनमध्ये ‘नेचर’ साप्ताहिकाचा नवा अंक आला आहे आणि त्यात जॉन पेरी नावाच्या इंजिनीअरचा लेख आहे. या माणसाजवळ तुम्ही जरा जास्त वेळ थांबावं असं मला मनापासून वाटतं. पेरी केल्विनचा जुना सहायक. ग्लासगोत त्याच्या हाताखाली काम केलेला, मग तोक्योला जाऊन इंजिनीअरिंग शिकवून आलेला. गुरूवर त्याचं प्रेम आहे आणि ते तो लपवत नाही. पण त्याला खटकलंय ते असं. केल्विननं धरलं आहे की पृथ्वीच्या आतून उष्णता येते ती सगळीकडे सारख्या, घट्ट खडकातून वाहत येते. समजा आतला भाग पूर्ण घट्ट नसला, हळूहळू का होईना पण ढवळत असला, तर? मग खोलवरची उष्णता सतत वर येत राहील, पृष्ठभागाजवळ आज दिसते तेवढी गरमी कितीतरी जास्त काळ टिकेल, आणि पृथ्वीचं वय काही कोटींवर न थांबता दोनशे-तीनशे कोटींपर्यंतही जाऊ शकेल.

लेख छापण्याआधी पेरीनं तो केल्विनला आणि काही मित्रांना पाठवला होता. केल्विनचा सहकारी टेट यानं उलट कळवलं की या लेखाचा हेतूच आपल्याला समजला नाही. पेरीनं चिकाटी सोडली नाही, आवाजही चढवला नाही. शेवटी पत्रव्यवहारासकट सगळं ‘नेचर’मध्ये छापलं गेलं, म्हणजे दोघांच्या मतभेदाला अख्खं वाचकजग साक्षी झालं. केल्विन हटला नाही. दोन वर्षांनी त्यानं आपला आकडा उलट आणखी कमी केला, दोन ते चार कोटी वर्षं. तुमच्या खिशातला लोणंदचा दगड केल्विनच्या पृथ्वीपेक्षा म्हातारा झाला.

हाच पेरी तुम्हाला १९०१ मध्ये पुन्हा भेटतो, त्याच ग्लासगो शहरात, ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात. या खेपेला विषय शाळेचा आहे. पोरांना युक्लिडचे सिद्धांत तोंडपाठ करायला लावून त्यांचं गणितावरचं मन उडवू नका, असं तो सांगतो. त्यांच्या हातात चौकटीचा कागद द्या, त्यांना मोजू द्या, वजन करू द्या, आलेख काढू द्या, मग सिद्धता शिकवा. समोर गणिताचे मोठमोठे प्राध्यापक बसलेत, काही चिडलेत, काही माना डोलावतायत. त्याच सुमाराला मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसणारी आपली मुलंही युक्लिड घोकत होती. गुरूच्या आकड्याला हात घालायचं धाडस आणि मुलांच्या हाती मोजपट्टी द्यायचा आग्रह एकाच माणसात असावेत, हे मला मुळीच योगायोगाचं वाटत नाही.

१९०४. रॉयल इन्स्टिट्यूशनचं व्याख्यानगृह, दिवे मंद. तरुण अर्नेस्ट रदरफर्ड रेडियमवर बोलायला उभा आहे आणि श्रोत्यांत ऐंशीच्या घरातला केल्विन बसला आहे. म्हाताऱ्याला डुलकी लागलेली पाहून रदरफर्डला हायसं वाटतं. पण पृथ्वीच्या वयाचा भाग आला आणि म्हाताऱ्यानं डोळा उघडला. रदरफर्डला ऐन वेळी सुचलं. तो म्हणाला की लॉर्ड केल्विन यांनी उष्णतेचा नवा स्रोत सापडला नाही तरच आपला हिशेब खरा, असं आधीच म्हणून ठेवलं होतं. आज आपण ज्या रेडियमविषयी बोलतोय ते हेच भाकीत. केल्विन खूश होऊन हसला. ही गोष्ट रदरफर्डनं स्वतः सांगितलेली आहे आणि ती सगळीकडे सांगितली जाते. फक्त तिच्यामुळे एक गैरसमज घट्ट बसला आहे. किरणोत्सारानं मिळणारी उष्णता केल्विनच्या गणितात मिळवली तरी त्याचं उत्तर फारसं बदलत नाही. त्याची खरी चूक पेरीनं दाखवली होती तीच, आतल्या ढवळण्याची. किरणोत्साराचं मोठं देणं वेगळं आहे. युरेनियमचं शिसं होण्याचा वेग ठरलेला असतो, त्यामुळे खडकाला घड्याळ मिळालं. १९५६ पर्यंत क्लेअर पॅटरसननं त्या घड्याळावर पृथ्वीचं वय वाचलं होतं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. डार्विनला हवा होता त्याहून कितीतरी जास्त काळ निघाला.

आता तुम्ही पुन्हा लंडनला, फेब्रुवारी १९६१. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक. वाद आता पृथ्वीचा नाही, विश्वाचा. या वेळी बोलायला उभा राहिलेला मुलगा आपला आहे. कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला वाढलेला, बावीस वर्षांचा जयंत विष्णू नारळीकर. संशोधनाला लागून त्याला जेमतेम काही महिने झालेत. मार्टिन राइल या दिग्गज रेडिओ-खगोलज्ञानं जाहीर केलंय की दूरच्या रेडिओ स्रोतांची आपली मोजदाद पाहता विश्व कायम एकसारखं असतं हा फ्रेड हॉइलचा स्थिरस्थितीचा सिद्धांत टिकत नाही. हॉइलला त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान आहे, म्हणून त्यानं आपल्या विद्यार्थ्याला पुढे केलं. मिळालेली वेळ दहा मिनिटं. दीर्घिकांचे फार मोठे समूह असतील तर राइल यांना मिळाले तसे आकडे स्थिरस्थितीच्या विश्वातही मिळू शकतात, हे तो आकडेमोडीनिशी मांडतो. समोर राइल बसलेले. तुम्हाला त्या पोराच्या घशाला पडलेली कोरड जाणवते, पण वाक्य कुठे तुटत नाही.

या वादात नारळीकरांचा पक्ष जिंकला नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशभर पसरलेलं मंद सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी आपला सिद्धांत बदलून पुन्हा मांडला, आणि मे २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं तोपर्यंत महास्फोटाविषयीच्या शंका ते उघडपणे विचारत राहिले. मला त्यांच्या सिद्धांतापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली, आणि विश्व महास्फोटातून आलं असं मानणारे संशोधक तिथे मोकळेपणानं काम करू लागले. संस्थापकाचं मत ही संस्थेची अट झाली नाही. आणि सही मागायला आलेल्या शाळकरी मुलांना ते सांगत, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, सहीनिशी उत्तर देईन. लोणंदच्या टपालपेटीत पडलेलं कार्डही त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचू शकत होतं. राइल यांना उत्तर देणारा माणूस सातवीतल्या पोरालाही उत्तर देत होता.

१९८०. कॅलिफोर्नियातलं बर्कली. पुन्हा एक भौतिकशास्त्रज्ञ दुसऱ्यांच्या शेतात शिरलाय. लुइस अल्वारेझ, भौतिकीचं नोबेल मिळालेला, आणि त्याचा भूवैज्ञानिक मुलगा वॉल्टर. इटलीत गुब्बिओजवळ चुनखडीच्या दोन थरांमध्ये जेमतेम बोटभर चिकणमाती आहे. तिच्या खाली डायनोसॉरांचा काळ, वर त्यांच्याशिवायचा. त्या मातीत फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांना इरिडियम हा धातू नेहमीच्या कित्येक पट सापडला. पृथ्वीच्या कवचात तो दुर्मीळ, उल्कांमध्ये भरपूर. म्हणून या चौघांचं म्हणणं, बाहेरून प्रचंड अशनी आदळला, धुरळ्यानं जग झाकोळलं आणि सृष्टीचा मोठा हिस्सा मेला.

जीवाश्मांचे अभ्यासक बिथरले. काहींनी बोट दाखवलं ते आपल्याकडे, सह्याद्री ज्याचा बनला आहे त्या काळ्या लाव्हाकडे. ड्यूई मॅक्लीन या अमेरिकन भूवैज्ञानिकानं सांगितलं की दख्खनच्या ज्वालामुखींतून निघालेल्या वायूंनीच हवामान बिघडवलं. पाठोपाठ फ्रान्सच्या व्हँसाँ कूर्तियोनं दख्खनच्या खडकांतल्या चुंबकत्वावरून दाखवलं की हा लाव्हा भूवैज्ञानिक हिशेबानं फार थोड्या काळात आणि नेमका त्याच सुमाराला बाहेर आला. वाद कडवट झाला. १९८८ मध्ये लुइस अल्वारेझनं वर्तमानपत्राशी बोलताना जीवाश्म-अभ्यासकांची संभावना टपाल तिकिटं जमवणारे अशी केली. केल्विनचा अहंकार त्याच्या वाक्यांत तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो. फरक असा की या खेपेला भौतिकशास्त्रज्ञाकडे गणिताखेरीज मातीही होती. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावरचं, जमिनीखाली गाडलं गेलेलं सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं चिक्सुलूब विवर हेच त्या आघाताचं ठिकाण म्हणून पुढे आलं. आघात झाला याबद्दल शंका उरली नाही. लाव्हाचा वाटा किती, हा प्रश्न मात्र मिटला नाही, आणि त्याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या घाटांमध्ये पडून होतं.

तुम्ही लोणंदहून खंडाळ्याकडे निघा, खंबाटकी चढून उतरा, वाईला पोहोचा. त्या वाईचं नाव भूविज्ञानाच्या पुस्तकांत जगभर छापलं जातं, कारण दख्खनच्या लाव्हाच्या वरच्या मोठ्या भागाला वाई उपगट म्हणतात. त्यातल्या थरांची नावं खालून वर अशी: पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर. पोलादपूरहून अंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढणारी एसटी खरोखर याच क्रमानं लाव्हाच्या एकेका काळातून वर येते. प्रवाहांच्या मधे मधे विटकरी लाल पट्टे दिसतात. एक प्रवाह थंड झाला, पुढचा यायला शेकडो-हजारो वर्षं गेली, तेवढ्यात वरचा खडक कुजून माती झाली, तिच्यावर कुठूनतरी ज्वालामुखीची राख पडली. पुढच्या प्रवाहानं हे सगळं झाकून भाजून टाकलं.

२२ फेब्रुवारी २०१९. ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी. पहिला प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाचा; त्यात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री आहेत आणि आयुष्यभर ज्वालामुखीची बाजू लढवणाऱ्या गेर्टा केलरही. त्यांनी लाल पट्ट्यांतल्या राखेतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचले आणि त्यांतलं युरेनियम-शिशाचं घड्याळ वाचलं. दुसरा निबंध कोर्टनी स्प्रेन, पॉल रेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, बर्कलीत झालेल्या कामाचा. त्यात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे आहेत. त्यांनी थेट लाव्हातले फेल्डस्पारचे स्फटिक घेतले आणि आर्गॉनचं घड्याळ वाचलं. एवढा सगळा लाव्हा साधारण दहा लाख वर्षांत बाहेर पडला, यावर दोघांचं एकमत. भांडण आहे ते पोलादपूरच्या थरावर. प्रिन्स्टनचं म्हणणं, लाव्हा चार झटक्यांत आला आणि पोलादपूरचा मोठा झटका आघाताच्या काही दशसहस्र वर्षं आधीचा. बर्कलीचं म्हणणं, पोलादपूर आणि त्यावरचं सगळं आघातानंतरचं. एकूण लाव्हाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग मागाहून आला.

पोलादपूर आधी असेल तर मरणाची तयारी लाव्हानं केली होती. नंतर असेल तर लाव्हा निदान या खुनातून सुटतो. किंवा आघाताच्या हादऱ्यांनी आतला शिलारस जास्त ढवळला गेला असेल, असंही बर्कलीच्याच काही जणांनी २०१५ मध्ये सुचवलं होतं. २०२० मध्ये पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी समुद्रतळाच्या गाळातून जुनं तापमान वाचून अशनीच्या पारड्यात वजन टाकलं: वायूंचा मोठा लोंढा आघाताच्या बराच आधी येऊन गेला होता आणि तोवर सृष्टी सावरली होती.

आता शेवटचा लांबचा पल्ला, ६.६ कोटी वर्षं मागे, आघाताच्या थोडंसं आधी. तुम्ही पोलादपूरच्या जागी उतरता. सह्याद्री नाही, त्याचा कडा अजून घडायचा आहे. कृष्णा नाही, नीरा नाही. भारत आशियाला जोडलेला नाही, विषुववृत्ताच्या दक्षिणेला एकटा समुद्रात आहे आणि वर्षाला पंधरा-अठरा सेंटीमीटर वेगानं उत्तरेकडे सरकतो आहे. हवेत गंधकाचा जाळणारा वास, घसा खवखवतो. लांबवर क्षितिजाला धुराची भिंत.

आणि तुमच्या पायाखाली काय आहे ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. प्रिन्स्टन बरोबर असेल तर तुम्ही पोलादपूरच्या थरावर उभे आहात. तो निवून बराच काळ झाला, वर लाल माती धरली, झुडपं उगवली, खळग्यांत पाणी साठलं. बर्कली बरोबर असेल तर तो लाव्हा अजून तुमच्या खाली, जमिनीच्या पोटात आहे, आणि तुम्ही त्याच्याही जुन्या थरावर आहात. दोन्ही देखावे मी रंगवू शकतो, पण खरा कोणता ते ठरवण्याचा हक्क माझा नाही.

दोन्ही देखाव्यांत काही गोष्टी मात्र पक्क्या आहेत, कारण त्यांची हाडं आणि शेण सापडलं आहे. पूर्वेला, आज चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आणि डोंगरगाव आहे त्या बाजूला, लांब मानेचे टायटॅनोसॉर चरतायत. पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या शेणात वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतं, हा जुना समज त्यानं मोडला; त्या गवतांचं भाताच्या आणि बांबूच्या कुळाशी नातं होतं. तळ्यांत बेडूकही आहेत. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या गाळातले बेडूक वरळीच्या टेकडीत सापडले होते आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेननं त्यांचं वर्णन केलं होतं. डायनोसॉर हे नाव देणारा आणि पुढे हक्सलीशी हाडवैर घेणारा तोच हा ओवेन.

मग पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला आघात होतो. तुम्हाला उजेड दिसत नाही, आवाज येत नाही. वीसेक मिनिटांत जमीन हलू लागते आणि हलतच राहते. काही तासांनी वितळून गोठलेल्या दगडाचे बारीक कण आकाशातून पडू लागतात. त्यानंतर अंधार, आणि दिवस उगवण्याची चिन्हं दिसत नाहीत. टायटॅनोसॉर यातून वाचणार नाहीत. बेडूक वाचतील, गवत वाचेल, आणि बिळांत दडलेले उंदराएवढे सस्तन प्राणीही. तुम्ही त्यांचे वंशज आहात, हे वाक्य पुस्तकात वाचणं आणि त्या अंधारात उभं राहून उमगणं यात फार अंतर आहे.

परत येताना तुम्ही जानेवारी २०१८ मध्ये थोडं थांबा. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात बदल हवा. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. काही दिवसांतच देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून याला विरोध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, प्रकरणाच्या नावात फक्त आनुवंशिकता उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. मला ही पत्रकं आवश्यक वाटतात. पण कुणी पाहिलं, या प्रश्नाला सह्यांची संख्या हे उत्तर पुरत नाही. हक्सली, पेरी, स्प्रेन, शोन यांच्यापैकीही कुणी काही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मागे राहिलेल्या खुणा मोजल्या, मोजण्याची रीत सगळ्यांपुढे ठेवली आणि दुसऱ्याला ती तपासू दिली. ही तपासणी कशी चालते ते वर्गात एकदा जरी दिसलं, तरी मंत्र्यांच्या प्रश्नाला दहावीची मुलगीसुद्धा उत्तर देईल.

महाराष्ट्राच्या मुलांना ती संधी आहे. बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये पहिलंच प्रकरण आहे आनुवंशिकता व उत्क्रांती. त्यात डार्विन आहे, लामार्क आहे, पेरिपॅटस, डकबिल प्लॅटिपस आणि लंगफिश आहेत. पोलादपूर नाही.

आता लोणंदच्या एका वर्गात शेवटच्या बाकावर बसा. इथे तुम्हाला बोलायची मुभा आहे, पण बोलावं लागणार नाही. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखलेत, एकावर प्रिन्स्टन, दुसऱ्यावर बर्कली, आणि मधे तीन थर काढलेत. खालच्या थरावर त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवलंय.

“सर, मग खरं कोणाचं?”

“ठरलेलं नाही अजून. तू असतीस तर काय केलं असतंस?”

मुलगी फळ्याकडे पाहते. “एकानं राख मोजली, दुसऱ्यानं लाव्हा. जागापण वेगळ्या असतील. एकाच जागचं दोन्ही घ्यायचं, राख आणि तिच्या लगेच वरचा-खालचा लाव्हा, आणि दोघांकडे पाठवायचं.”

“दोघांकडे?”

“हो. कुठल्या पाकिटात कुठला थर आहे, ते मात्र सांगायचं नाही.”

सर खडू खाली ठेवतात. खिडकीजवळचा मुलगा विचारतो, “सर, तो लाल पट्टा रस्त्यावरनं दिसतो का?”

“दिसतो. वाईला जायचं, तिथून महाबळेश्वर, आणि पुढे पोलादपूरची गाडी.”

“एका दिवसात होतं?”

“पहाटेची एसटी धरली तर होतं,” सर म्हणतात, आणि हात वर करा म्हणून सांगत वहीत नावं लिहायला घेतात.